ऊ, लीख आणि फणी : ईट परिसराच्या संदर्भात एका घरगुती उपायाचा इतिहास

(१)

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात, बालाघाटच्या पठारी मुलखात, ईट हे गाव आहे. १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव जाऊन धाराशिव हे नाव २०२३ साली अधिकृत झाले. राज्ये आणि नावे अशी बदलत असता घरातील काही व्यवहार मात्र जसेच्या तसे चालत आले. दुपारची कामे आटोपली की ओसरीवर बसून लेकीचे डोके मांडीवर घ्यावयाचे आणि त्यातील उवा काढावयाच्या, हा त्यांपैकीच एक व्यवहार होय. त्याचा इतिहास लिहिण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. तो लिहिणे अगत्याचे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते, व त्याचे कारण केवळ भाषाशास्त्रीय कुतूहल हे नव्हे.

मुलांच्या डोक्यातील उवांवर जे उपाय घरोघर केले जातात, त्यांपैकी बहुतेकांचे समर्थन 'हे पूर्वापार चालत आले आहे' एवढ्याच आधारावर केले जाते. यातील कोणता उपाय खरोखरीच पूर्वापार आहे, कोणता काल-परवा आलेला आहे, आणि पूर्वापार असलेला प्रत्येक उपाय निर्धोक असतो काय, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना शब्दांची साक्ष फार उपयोगी पडते. उपायांची नावे आणि त्यांसाठी वापरली जाणारी क्रियापदे त्यांचे वय, आणि काही वेळा त्यांचा स्वभावही, सांगून जातात.

ईटसारखे गाव या विचारासाठी निवडण्यास तीन कारणे आहेत. त्याच भूम तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र असून केस आणि जीवहिंसा यांविषयीची एक वेगळी दृष्टी तेथे आजही आचरणात आहे. बालाघाटच्या डोंगरउतारांवर सीताफळ विपुल होते व त्याच्या बियांचा उवांवरील उपयोग या मुलखात सर्वांना माहीत आहे. तिसरे कारण असे की, या भागातील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी घर सोडून जातात. त्यामुळे घरगुती उपाय घराबाहेर कितपत टिकतो, हा प्रश्न येथे प्रत्यक्षच उभा राहतो.

(२)

प्रथम शब्दांकडे वळू. मराठीतील 'ऊ' हा शब्द संस्कृत 'यूका' या शब्दापासून आला, हे सर्वमान्य आहे. पण त्याचे रूप थोडे विचार करावयास लावणारे आहे. संस्कृतातील शब्दारंभीचा 'य' प्राकृतात सामान्यतः 'ज' होतो आणि मराठीत तो तसाच उतरतो. यात्रा – जत्रा, यव – जव, यंत्र – जाते, युग – जू ही उदाहरणे प्रसिद्ध आहेत. या नियमाने 'यूका' चे मराठी रूप 'जू' व्हावयास हवे होते, आणि हिंदीत 'जूँ' व गुजरातीत 'जू' असे ते झालेलेही आहे. मराठीने मात्र 'ऊ' हे रूप पत्करले. याचा धागा पालीत सापडतो, कारण पालीत उवेला 'ऊका' असेच म्हटले आहे. म्हणजे आरंभीचे व्यंजन नसलेले रूप पालीच्या काळाइतके तरी जुने आहे. मराठीत 'जू' हा शब्द बैलांच्या मानेवरील जोखडासाठी रूढ असल्यामुळे दोन शब्दांचा घोटाळा या रूपाने टळला, एवढा लाभही झाला. कोकणीतही हा शब्द मराठीप्रमाणेच आहे. बंगालीतील 'उकुन' आणि ओडियातील 'उकुणी' हे शब्द मात्र 'उत्कुण' या निराळ्या शब्दाकडे जातात.

अनेकवचनी 'उवा' हे रूप मराठीच्या एका नियमित गटात बसते. सासू – सासवा, जळू – जळवा, पिसू – पिसवा आणि ऊ – उवा. यांतील शेवटचे तिन्ही जीव रक्त शोषणारे आहेत, आणि सासूबाईंना व्याकरणाने त्यांच्या पंक्तीस बसविले, हा केवळ योगायोग समजावा.

'लीख' हा शब्द संस्कृत 'लिक्षा', प्राकृत 'लिक्खा' यांपासून सरळ आला आहे. त्याचा 'लिहिणे' या क्रियापदाशी काही संबंध नाही. उवेची केसाला चिकटलेली अंडी म्हणजे लिखा. आणि रिकामी झालेली टरफलेही याच नावाने ओळखली जातात. या दोन अवस्थांना निराळे शब्द नसल्यामुळे घरोघर जो एक गैरसमज होतो, त्याचा उल्लेख पुढे येईल.

हे दोन शब्द किती परिचित होते याची एक गमतीची साक्ष मापनशास्त्रात मिळते. कौटिलीय अर्थशास्त्रात आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचे एक यवमध्य आणि आठ यवमध्यांचे एक अंगुल असे कोष्टक दिले आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही हीच उतरंड थोड्या फरकाने येते. मनुस्मृतीत लिक्षा वजनाच्या कोष्टकात असून तीन लिक्षा म्हणजे एक राजसर्षप, म्हणजे काळ्या मोहरीचा एक दाणा, असे सांगितले आहे. अर्थशास्त्राच्या हिशेबाने लिक्षा म्हणजे अंगुलाचा ५१२ वा भाग होतो, आणि अंगुल पाऊण इंचाच्या आसपास धरल्यास ही लांबी खऱ्या लिखेच्या वीस पटींहून अधिक लहान भरते. तेव्हा ही मापे कोणी लीख मोजून ठरविली नव्हती, हे उघड आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या लहानात लहान वस्तू कोणत्या, असे विचारता जी नावे सहज ओठांवर येत, त्यांत लीख आणि ऊ होत्या, एवढाच त्याचा अर्थ.

यापुढची साक्ष क्रियापदांची आहे. मराठीत डोक्यात उवा 'होतात' किंवा 'पडतात'. जणू त्या त्या डोक्यातच निर्माण होतात. या बोलण्यामागे एक प्राचीन समजूत आहे. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात डास, माशी, ढेकूण यांच्याबरोबर यूका ही 'स्वेदज', म्हणजे घामापासून जन्मणारी, अशी सांगितली आहे. ही समजूत भारतापुरती नव्हती. युरोपातही किडे आपोआप उत्पन्न होतात असेच मानले जात असे. १६६८ साली फ्रान्चेस्को रेदी या इटालियन वैद्याने माश्यांवरील प्रयोगांनी या कल्पनेस पहिला मोठा धक्का दिला. आज हे निश्चित झाले आहे की ऊ उवेच्याच अंड्यातून होते, आणि ती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात मुख्यतः डोक्याला डोके लागल्यानेच जाते. तिला पंख नाहीत व तिला उडीही मारता येत नाही. घाम, मळ किंवा आईची हयगय यांमुळे ती उत्पन्न होत नाही. रोज न्हाणाऱ्या मुलीच्या डोक्यातही ती तितक्याच सुखाने राहते. 'उवा झाल्या' या दोन शब्दांत मुलीवर आणि तिच्या आईवर जो ठपका येतो, तो अशा रीतीने एका जुन्या आणि चुकीच्या शास्त्राचा अवशेष होय.

(३)

आता साधनाकडे येऊ. केस विंचरण्याच्या साधनांना मराठीत दोन नावे आहेत : कंगवा आणि फणी. 'कंगवा' हा संस्कृत 'कंकत' पासून आला. अथर्ववेदाच्या विवाहसूक्तात शंभर दातांच्या अशा एका साधनाचा उल्लेख असून वधूच्या केसांतील आणि डोक्यावरील मळ त्याने खरवडून काढावा, अशी अपेक्षा तेथे व्यक्त झाली आहे. 'फणी' चे नाते पाली 'फणक' आणि अर्धमागधी 'फणिह' या शब्दांशी आहे. विनयपिटकात भिक्षूंनी केस नीटनेटके करण्यासाठी वापरू नयेत अशा वस्तूंत 'फणक' आहे, तर सूयगडांग या जैन आगमात स्त्री जी प्रसाधने आणावयास सांगते त्यांत चिमट्याबरोबर 'फणिह' आहे. नागाच्या फणेसारखा आकार म्हणून हे नाव पडले, असा अर्थ कोशकार देतात. मराठीत केळ्यांचीही फणी असते आणि विणकराच्या मागालाही फणी असते. ओळीने बसविलेले दाते ही कल्पना या सर्वांना समान आहे.

व्यवहारात कंगवा आणि फणी यांची कामे वेगळी आहेत. कंगवा गुंता सोडवतो. फणी दाट दातांची असते व तिचे काम उवा-लिखा ओढून काढण्याचे. लाकडाच्या किंवा शिंगाच्या जुन्या फणीला दोन्ही बाजूंनी दाते असत आणि बरेचदा एक बाजू विरळ, दुसरी दाट असे. सौभाग्यवाणात आरसा, फणी आणि कुंकवाचा करंडा एकत्र येतात. म्हणजे ही वस्तू केवळ उपयोगाची न राहता मंगल झाली.

ही दुहेरी रचना किती जुनी आणि किती दूरवर पसरलेली आहे याचे प्रमाण अलीकडेच मिळाले. प्राचीन कनान देशातील लाखीश या नगराच्या उत्खननात २०१६ साली हस्तिदंताची एक लहानशी फणी सापडली. तिच्या एका बाजूस सहा जाड दाते आणि दुसऱ्या बाजूस चौदा बारीक दाते होते. पुढे तिच्यावर कोरलेली सतरा अक्षरे नजरेस आली व २०२२ साली त्यांचे वाचन प्रसिद्ध झाले. या फणीने केसांतील आणि दाढीतील उवा उपटून टाकाव्यात, अशी इच्छा त्या सात शब्दांत व्यक्त झाली आहे. ही फणी सुमारे इ. स. पू. १७०० ची मानली जाते आणि वर्णमालेत लिहिलेले, आज उपलब्ध असलेले, हे सर्वांत जुने पूर्ण वाक्य समजले जाते. तिच्या दातांत उवांचे सूक्ष्म अवशेषही सापडले. भाषेच्या अभ्यासकास याहून बोलका पुरावा कोणता हवा? मात्र त्या देशात हत्ती नव्हते; तेव्हा ही वस्तू श्रीमंताच्या घरची असावी आणि उवा श्रीमंताच्या घरीही होत्या, हेही तिच्यावरून समजते.

जेथे फणी वर्ज्य होते तेथे काय घडते, याचे उदाहरणही महाराष्ट्रात आहे. केसांत गुंता होऊन जट आली की ते देवीचे बोलावणे मानावयाचे आणि त्या केसांना फणी लावावयाची नाही, ही समजूत अनेक भागांत होती आणि ती पूर्णपणे नष्ट झालेली नाही. न विंचरलेल्या केसांत उवा वाढतात, त्यांच्या खाजेने आणि जखमांतील स्रावाने केस अधिक चिकटतात व जट अधिक घट्ट होते. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जट सोडविण्याचे जे काम केले, त्याचे महत्त्व या दृष्टीनेही ध्यानात घेतले पाहिजे.

(४)

आता वैद्यकग्रंथांची साक्ष पाहू. चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमींचे विवेचन आहे. शरीराबाहेरील मळापासून होणारे कृमी म्हणून तेथे यूका आणि पिपीलिका ही नावे दिली आहेत. ते अणुप्रमाण, तिळाच्या आकाराचे, अनेक पायांचे, काळे व पांढरे असतात. केस, दाढी, पापण्या आणि वस्त्रे ही त्यांची स्थाने. खाज आणि पुटकुळ्या हा त्यांचा परिणाम. वाग्भटाने अष्टांगहृदयात यूका आणि लिक्षा अशी जोडी दिली आहे. केसांतील आणि वस्त्रांतील उवा चरकाने एकाच नावाखाली घेतल्या. आज त्यांत भेद केला जातो आणि तो महत्त्वाचा आहे. प्रलापक सन्निपात ज्वर, म्हणजे टायफस, पसरविते ती कपड्यांतील ऊ. हे शार्ल निकोल याने १९०९ साली ट्यूनिस येथे दाखवून दिले. डोक्यातील ऊ खाज आणि झोपमोड करते, खाजवून जखमा होतात, त्या चिघळतात; परंतु ती असा रोग पसरवीत नाही.

चरकाने सांगितलेली चिकित्सा विशेष लक्षणीय आहे. सर्व कृमींच्या बाबतीत प्रथम 'अपकर्षण' करावे, म्हणजे ते ओढून काढावेत. मग 'प्रकृतिविघात' करावा, म्हणजे ज्या परिस्थितीत ते वाढतात ती मोडावी. आणि शेवटी कारणांचा त्याग करावा, असा त्याचा क्रम आहे. हे अपकर्षण हाताने धरून, साधनाने किंवा साधनावाचून, करावे असे तो स्पष्ट करतो. कारणाविषयी चरक चुकला असेल, पण उपायाचा जो क्रम त्याने लावला तो आजही मान्य व्हावा असा आहे. आपल्या ओसरीवरील बाई 'उवा काढते' असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा 'अपकर्षण' या शब्दाचा अचूक मराठी पर्यायच आपण वापरीत असतो.

परंतु जुन्या ग्रंथांत एवढेच नाही. चक्रदत्तासारख्या नंतरच्या संग्रहात यूकांसाठी विडंग, गंधक आणि मनःशिला गोमूत्रासह मोहरीच्या तेलात सिद्ध करावीत असा योग आहे. तसेच धोतऱ्याच्या किंवा विड्याच्या पानाच्या रसात पारा मिसळून लेप करावा, असाही आहे. मनःशिला हे सोमलाचे खनिज आहे. पारा आणि धोतरा यांविषयी तर बोलावयासच नको. मुलाच्या डोक्यावर यांपैकी काहीही लावणे आज कोणत्याही स्थितीत योग्य ठरणार नाही. म्हणजे आपल्या परंपरेत प्रारंभापासून दोन धारा आहेत : एक उवा 'काढण्याची' आणि दुसरी उवा 'मारण्याची'. केवळ जुनेपणा हा निर्धोकतेचा पुरावा होत नाही, हे या उदाहरणावरून सिद्ध होते.

(५)

या दोहोंखेरीज एक तिसरी दृष्टी आहे, आणि तिच्यासाठी ईटहून दूर जावे लागत नाही. कुंथलगिरी हे कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचे निर्वाणस्थान मानले जाते. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली येथेच सल्लेखना घेतली. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत केशलोच, म्हणजे स्वतःच्या हातांनी केस उपटणे, हा एक गुण आहे व तो दोन ते चार महिन्यांच्या अंतराने करावयाचा असतो. वैराग्य आणि देहाविषयीची अनासक्ती ही त्याची कारणे प्रसिद्ध आहेतच. पण केस वाढले की त्यांत उवा होतात आणि मग त्यांची हिंसा अटळ होते, हेही एक कारण सांगितले जाते. उवा मारावयाच्या नाहीत, तर त्यांना राहावयास जागाच ठेवावयाची नाही, असा हा विचार आहे. चरकाच्या तिसऱ्या पायरीचेच हे परम टोक म्हणता येईल.

या विचाराचा राज्यकारभारावरही परिणाम झाल्याची एक कथा मेरुतुंगाच्या प्रबंधचिंतामणीत, म्हणजे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथात, येते. बाराव्या शतकातील गुजरातचा राजा कुमारपाल याच्या काळी एका व्यापाऱ्याने ऊ चिरडली म्हणून त्याची संपत्ती जप्त झाली आणि तिच्यातून 'यूकाविहार' नावाचे मंदिर बांधले गेले, असे मेरुतुंग सांगतो. कथेतील तपशील कितपत ऐतिहासिक मानावा हा प्रश्न वेगळा. ऊ हा लोकव्यवहारात किती नित्याचा जीव होता आणि तिला चिरडणे किती सहज होते, हे तिच्यावरून दिसते.

(६)

सामान्य कुटुंबाने मात्र काढणे आणि मारणे यांची सांगड घातली. फणीने काढून नखावर चिरडणे, ही ती सांगड. त्यानंतर निरनिराळ्या काळी 'मारण्याची' नवी द्रव्ये घरात आली. त्यांची नावे पाहणे उद्बोधक आहे.

पहिले द्रव्य सीताफळाची बी. बालाघाटातील सीताफळ इतके प्रसिद्ध की बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. सीता आणि राम यांच्या नावांमुळे सीताफळ व रामफळ ही फळे रामायणकाळापासूनची वाटतात. वस्तुतः ही झाडे मूळची अमेरिका खंडातील असून ती पोर्तुगीजांच्या व्यापारामार्गे येथे आली, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे बियांची पूड केसांना चोळण्याचा 'आजीबाईंचा' उपाय फार तर चारएकशे वर्षांचा आहे. तो निष्फळ नाही. त्या बियांत कीटकांना मारणारी द्रव्ये खरोखरच आहेत. धोका आहे तो डोळ्यांना. ही पूड किंवा तिचे पाणी डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो आणि बुबुळावरील पारदर्शक पडद्यास इजा होते. असे रुग्ण भारतातील नेत्रवैद्यांनी नोंदविले आहेत. डोके धुताना पाणी डोळ्यांत जाणारच, आणि लहान मूल डोळे चोळणारच. म्हणून हा उपाय मुलांसाठी सर्वथा वर्ज्य मानावा.

दुसरे द्रव्य मातीचे तेल. त्याची मराठी नावे आपले मूळ लपवीत नाहीत. 'रॉकेल' हे 'रॉक ऑइल' चे आणि 'घासलेट' हे 'गॅसलाइट' चे रूपांतर होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिव्यांबरोबर आलेला हा पदार्थ उवांवरील औषधही झाला. त्याने त्वचा भाजते, त्याची वाफ छातीत गेल्यास व तेल पोटात गेल्यास मूल दगावू शकते, आणि तेल लावलेल्या केसांनी चुलीपाशी बसणे म्हणजे आगीला आमंत्रण. या उपायाने मुले जळाल्याची उदाहरणे वैद्यकास ठाऊक आहेत.

तिसरी द्रव्ये तर आद्याक्षरांनी किंवा व्यापारी नावांनीच ओळखली गेली. डीडीटीचे कीटकनाशक गुण पॉल म्यूलर याने १९३९ साली ओळखले. १९४३–४४ च्या हिवाळ्यात नेपल्स शहरात टायफसची साथ उसळली असता लोकांच्या अंगावर व कपड्यांत त्याची भुकटी फवारण्यात आली व साथ आटोक्यात आली. म्यूलरला १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९५३ साली सुरू झालेल्या हिवतापविरोधी मोहिमेमुळे हे नाव खेडोपाडी पोहोचले. त्याच सुमारास शेतातील आणि ढेकणांवरील गॅमेक्झिन पावडरही घरोघर आली व काही ठिकाणी मुलांच्या डोक्यांपर्यंत गेली. या पावडरीतील बीएचसी या द्रव्यावर भारतात १९९७ साली बंदी आली. त्याचाच शुद्ध प्रकार जो लिंडेन, त्याचे उत्पादन २०११ च्या आदेशाने आणि वापर २०१३ पासून थांबविण्यात आला. नावे बदलली तरी शेतीची औषधे घरात असतातच, आणि फवारणीच्या औषधाने उवा मरतील हा विचारही मनात येतोच. तो जीवघेणा आहे, हे येथे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

काही सौम्य वाटणाऱ्या वस्तूंविषयीही सावधगिरी हवी. खोबरेल तेलात कापूर मिसळून लावण्याची पद्धत सर्वत्र आहे. परंतु कापूर लहान मुलाच्या पोटात गेल्यास झटके येतात, व लहान वयात तो त्वचेतूनही शोषला जातो. कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी डोक्यास लावण्यास हरकत नाही, पण केवळ त्याने उवा जातील असा भरवसा देता येत नाही. कडुनिंबाचे तेल तान्ह्या मुलाच्या पोटात गेल्यास ते विषारी ठरते. वेखंडाविषयीही तारतम्य बाळगावे.

(७)

एवढा इतिहास पाहिल्यावर जो उपाय निर्धोक म्हणून शिल्लक राहतो, तो फणीचाच होय. तो यशस्वी व्हावयाचा तर त्यामागील हिशेब कळला पाहिजे. घातलेली लीख साधारणपणे सात ते दहा दिवसांत फुटते. तीतून निघालेली ऊ आणखी नऊ ते बारा दिवसांनी अंडी घालू लागते. म्हणून एका दुपारी डोके स्वच्छ केले म्हणजे काम झाले असे नव्हे. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे, आणि पुढे लागोपाठ दोन-तीन वेळा एकही जिवंत ऊ न सापडेपर्यंत फणी फिरविली, तर नव्याने निघालेल्या उवा अंडी घालण्यापूर्वीच निघून जातात.

रीत अशी. केसांना खोबरेल किंवा घरात असेल ते खाण्याचे तेल भरपूर चोपडावे. करडईचे तेलही चालते. तेलाने उवांची हालचाल मंदावते आणि फणी सहज सरकते. प्रथम कंगव्याने गुंता सोडवावा. मग उजेडात बसून केसांचे लहान लहान भाग करावेत आणि दाट दातांची फणी मुळाशी टेकवून शेंड्यापर्यंत ओढावी. प्रत्येक वेळी ती पांढऱ्या फडक्यावर पुसून पाहावी. कानांच्या मागे आणि मानेवर विशेष लक्ष द्यावे. शेवटी फणी कढत पाण्यात ठेवावी. घरातील सर्वांची डोकी त्याच दिवशी पाहावीत, नाही तर एकीच्या डोक्यातून दुसरीच्या डोक्यात हे चक्र चालूच राहते. डोक्यापासून दूर झालेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. म्हणून उशीचे अभ्रे आणि टॉवेल कढत पाण्यात धुऊन उन्हात टाकणे पुरेसे आहे, घरात औषध फवारण्याचे कारण नाही.

वर उल्लेखिलेला गैरसमज येथे लक्षात घ्यावा. केसाच्या मुळापासून बोटभर दूर दिसणारी 'लीख' बहुधा रिकामे टरफल असते. तिच्यामुळे उवा अजून आहेत असे समजून पुनःपुन्हा औषधे लावणे चुकीचे. जिवंत ऊ दिसते की नाही, हीच खूण. मुलगा असल्यास केस भादरून टाकणे हा झटपट उपाय आहे. मुलीचे केस मात्र तिच्या इच्छेविरुद्ध काढू नयेत, आणि उवांसाठी तिला शाळेतून घरी ठेवण्याचेही कारण नाही. फणीने काम भागले नाही तर वैद्याच्या सल्ल्याने एक टक्का परमेथ्रिनचे औषध वापरता येते; ते सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावे लागते आणि दोन महिन्यांखालील बालकास लावीत नाहीत. डोक्यावर पू, सूज किंवा ताप असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नये.

(८)

येथे एक आक्षेप संभवतो. फणीचा उपाय इतका सोपा आणि फुकटचा, तर लोक रॉकेलकडे आणि पावडरीकडे का वळले? याचे उत्तर अज्ञान एवढेच देणे अन्यायाचे होईल. फणीला पैसा लागत नाही, पण वेळ लागतो. लांब केसांच्या एका डोक्याला पाऊण तास, दर चौथ्या दिवशी, दोन आठवडे. घरात तीन मुली असतील तर त्याच्या तिप्पट. दुपारी ओसरीवर बसावयास मिळणे ही त्या उपायाची पहिली अट आहे. भूम, परंडा, वाशी या भागांतील जी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जाऊन उन्हाळ्याच्या तोंडी परततात, त्यांना ही अट पाळता येत नाही. पहाटे फडावर जाणारी आई अंधार पडल्यावर कोपीत परतते. पाणी दुरून आणावे लागते. मुले दाटीवाटीने निजतात, आणि डोक्याला डोके लागावयाचे ते लागतेच. अशा वेळी एका चोळण्यात उवा 'मारणारे' काहीही आकर्षक वाटावे, यात नवल नाही.

या परिस्थितीत दोन गोष्टी तरी हाती आहेत. तेल लावून विंचरण्यास पाणी जवळजवळ लागत नाही, त्यामुळे १९७२ च्या किंवा २०१५–१६ च्या दुष्काळासारखे दिवस पाहिलेल्या या मुलखास हीच रीत सोयीची आहे. दुसरी अशी की, हे काम आईनेच केले पाहिजे असा काही नियम नाही. हंगामी वसतिगृहात किंवा शाळेत राहिलेल्या मुलींना एक चांगली फणी, थोडे तेल आणि आठवड्यातून दोन मोकळ्या दुपारी दिल्या, तर त्या एकमेकींची डोकी पाहू शकतात. त्यासाठी अगोदर एक गोष्ट व्हावयास हवी : ऊ सापडणे ही लाजेची गोष्ट नव्हे, हे मोठ्यांनी मान्य केले पाहिजे. लाज वाटली की मुलगी डोके दाखवीत नाही, आणि न पाहिलेले डोके फणीने साफ होत नाही.

सारांश, सीताफळाची बी, रॉकेल, पावडर हे उपाय त्यांच्या नावांच्या साक्षीनेच अर्वाचीन ठरतात. पारा आणि मनःशिला प्राचीन असूनही वर्ज्य ठरतात. ऊ, लीख, फणी आणि 'काढणे' हे चार शब्द मात्र जुने असून आजच्या ज्ञानाच्या कसोटीसही उतरतात. घरात उवांचा विषय निघाला म्हणजे 'काय लावू?' हा प्रश्न प्रथम विचारला जातो. त्याऐवजी 'कोण काढणार, आणि केव्हा?' असा प्रश्न विचारला जाऊ लागला, तर या लेखाचा हेतू सफल झाला असे समजता येईल.